न उठलेले हात

एकदा एक तरुणसंघ एका विस्तीर्ण तळ्याच्या काठी नांदत होता. साठेक मुलेमुली, त्यांतली निम्मी सोळा वर्षांच्या आतली. संघाचा प्रमुख विश्वंभर हा त्याच काठावर राहणाऱ्या वृद्ध आचार्यांचा शिष्य. मुलगा कष्टाळू, संघावर जीव असलेला. सभेला सर्वांनी यावे असा त्याचा आग्रह असे. मोठ्यांनी विचार करून ठरवायचे आणि शेवटी सर्वांनी हात वर करून संमती द्यायची. लहानांकडे सतरंज्या आणि पाणी. हात नेहमी वर जातच, त्यामुळे तिकडे कोणी पाहत नसे.

दर आश्विनात संघातली लहान मुले तळे पोहून पार करीत. यंदा पोहण्याचा आरंभ कमळांच्या काठावरून करावा, असे विश्वंभराच्या मनाने घेतले होते. डोळे मिटले की त्याला ते दिसे: कोवळे ऊन, गुलाबी कमळे, आणि त्यांच्यामधून हलकेच पुढे सरकणारी मुलांची डोकी.

सभेच्या सकाळी तळ्यावर दाट धुके होते. पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. त्या धुक्यातून आचार्य आले. विश्वंभराने त्यांच्यासाठी उंच आसन मांडले होते. आचार्यांनी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शेवंती नावाची तेरा वर्षांची कोळ्याची पोर सतरंजी अंथरत होती. सतरंजीचे दुसरे टोक त्यांनी धरले, आणि मग ते तिच्याच शेजारी, सर्वांच्या मागे बसले.

"गुरुजी, पुढे या ना," विश्वंभर ओशाळून म्हणाला.

"इथं बरं आहे," आचार्य म्हणाले.

विश्वंभराने बेत सांगितला. मोठ्यांनी माना डोलावल्या. मागे लहानांची काही कुजबुज झाली, ती विरली. "संमती असेल त्यांनी हात वर करा," असे म्हणताना विश्वंभराची नजर आपसूक आचार्यांकडे गेली. त्यांचा हात मांडीवरच होता. त्यांच्याजवळच्या शेवंतीचाही. तिच्यापलीकडे आणखी चार हात खालीच होते. ते आजच खाली होते की नेहमीच असत, हे विश्वंभराला सांगता आले नसते.

"गुरुजी, आपलं काही चुकतंय का?"

"मी त्या पाण्यात कधी उतरलेलो नाही," आचार्य म्हणाले. "हिला विचार."

शेवंती उभी राहिली. सतरंजीच्या दशांकडे पाहत ती हळू आवाजात बोलू लागली. "दादा, कमळांखाली देठांचं जाळं असतं. काटेरी. गेल्या वर्षी एकटाच पोहताना माझ्या भावाचा पाय त्यात अडकला. बाबांनी होडी घालून काढला त्याला. तेव्हापासून तो पाण्यात उतरत नाही."

विश्वंभराच्या डोळ्यांपुढचे ते गुलाबी चित्र एकाएकी काळवंडले. "अगं, मग आधीच बोलली का नाहीस?"

"तुम्ही हात वर करा म्हणता. बोला असं कधी म्हणाला नाहीत."

विश्वंभर आचार्यांजवळ येऊन खाली बसला. म्हणाला, "पण गुरुजी, ही लहान आहेत. ठरवणं यांच्यावर सोडलं तर चुका होतील."

"होतील की. आज तूही चुकत होतास, आणि इतक्या जणांनी हात वर करून तुला चुकू दिलं. तुझ्याविषयीच्या आदरापोटीच." आचार्यांचा स्वर अगदी मृदू होता. "त्या आसनावर बसलो असतो, तर मलाही तुझ्या एकट्याचाच आवाज ऐकू आला असता. इथं बसलो म्हणून कुजबुज कानावर आली. जी मुलं पाण्यात उतरणार, त्यांना पाण्याची वाट ठरवू दे. तू त्यांच्यासोबत राहा. चुकली तर सांग. पण आधी ऐक."

त्या दिवशी काहीच ठरले नाही. सभा पांगली तेव्हा विश्वंभर शेवंतीला म्हणाला, "मला ते दाखवशील?"

दोघे तिच्या बापाच्या होडीतून निघाले. धुके अजून पुरते विरले नव्हते. कमळांच्या दाटीत तिने होडी थांबवली. विश्वंभराने पानांमधून हात पाण्यात घातला, आणि खालून खरखरीत, थंड देठांनी त्याच्या मनगटाला वेढा घातला. वर कमळे तशीच शांत उमलली होती. पंचवीस वर्षे तो या तळ्याच्या काठी राहिला होता.

त्याने सावकाश हात सोडवून घेतला. मनगटावर बारीक ओरखडे उठले होते.

"मोकळं पाणी कुठे आहे?" त्याने विचारले.

खरेच विचारतो आहे का, हे पाहावे तसे शेवंतीने त्याच्याकडे पाहिले. विश्वंभर थांबला. त्याने काहीही सुचवले नाही. अखेर तिने धुक्यात एका दिशेला बोट केले आणि ती सांगू लागली. विश्वंभराने वल्हे उचलले आणि होडी तिकडे वळवली.