पाचशे व्हायरस मोजणारे साहेब

जयसिंगपुरात मालिनीबाई शिरगुप्पे वधू-वर सूचक केंद्र चालवतात. एका दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवर अचानक लाल चौकट आली: 'व्हायरस घुसला आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. खालच्या नंबरवर फोन करा.' सहाशे मुलामुलींची माहिती त्यातच होती. बाईंनी घाईघाईने फोन लावला.

"सीनिअर इंजिनिअर बोलतोय," पलीकडून भारदस्त आवाज आला. "मला इथून तुमचा सगळा कॉम्प्युटर दिसतोय. अवस्था फार वाईट आहे, मॅडम."

"मग काय करायचं, साहेब?"

"आधी बँकेच्या कार्डाचा नंबर सांगा."

बाई सावध झाल्या. व्हायरस काढायला कार्ड कशाला लागतंय? फोन कानाला तसाच धरून त्या खाली वाकल्या आणि कॉम्प्युटरची पिन उपटली. पडदा काळा झाला.

"पर्समध्ये शोधते हं," त्या नरमाईने म्हणाल्या. "तोवर सांगा तरी, कितपत पसरलाय?"

"चारशे व्हायरस झालेत! माझ्या डोळ्यांदेखत वाढताहेत!"

"आणि आता?"

"पाचशे! लवकर करा, मॅडम!"

"अहो साहेब, मी पिन मघाशीच काढलीय. बंद पडद्यावरचं एवढं दिसतं म्हणजे नजर भलतीच तेज आहे हो तुमची! लग्न झालंय का? नसेल तर नाव नोंदवून घेते. फक्त नोकरीच्या रकान्यात काय लिहू, तेवढं सांगा."

फोन तटकन बंद झाला. बाईंनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सहाशेच्या सहाशे जण जागच्या जागी होते. एक तेज नजरेचं स्थळ तेवढं हातचं गेलं.