तलवार गिळणारा आणि भाकरीचा तुकडा

“...पण तलवार माझ्या हाती देणार कधी, उस्ताद?”

विचारणारा म्हाळप्पा. जत्रेत दीड हात तलवार घशातनं पार पोटापतुर सोडायचा. बाहेर काढली की मिशीला पीळ. असला गळा उभ्या मुलखात न्हाई, असं समद्यांच्या आधी त्यालाच वाटायचं.

खेळ शिकवला हैदर उस्तादानं. तलवारबी त्याचीच. यंदाच्या जत्रेत ती म्हाळप्पाला कायमची द्यायची, असं म्हातारा बोलला होता. जत्रा आली आठ दिवसांवर.

उस्ताद कांदा चिरत होता.

“जेवलास?”

“झालं की.”

“काय खाल्लंस?”

“...चपाती. चहात भिजवून.”

“दात पडले व्हय रे?”

म्हाळप्पानं मिशीला पीळ भरला.

उस्तादानं कडक भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तळहातावर ठेवला.

“गिळ.”

म्हाळप्पा हसला. “उस्ताद, मी लोखंड गिळतो!”

“मग हे तर बोटभर हाय.”

त्यानं चावला, गिळला. तुकडा छातीच्या मधोमध जाऊन बसला तो हलंना. डोळ्यांत पाणी. मिशी खाली. लई वेळानं कसाबसा उतरला.

“किती दिस झाले?”

“दोन वर्सं. आगआग होतीया. सोडा पितो, तेवढ्यापुरतं गप बसतंय.”

“डॉक्टरला दावलंस का? काय म्हणला?”

“पोटातलं आंबट वर चढतंय म्हणं. पोटाला ते सोसतंय, अन्ननळीला न्हाई. रोज पोळून पोळून आत सुजलं असंल, जखमबी पडली असंल. असंच चाललं तर नळी आवळत जाईल. तलवार लागली तर आरपार.”

“बरं होतंय का न्हाई?”

“होतंय म्हणला. दोन-तीन महिने गोळ्या, तलवार बंद. पर आधी तोंडातनं बारीक रबरी नळी आत घालून बघायचं म्हणला.”

“मग?”

“...पळून आलो.”

उस्ताद खदाखदा हसला. कांदा सांडला. “करंगळीएवढ्या नळीला भ्यालास? तू?”

“हसू नका! तिच्या टोकाला दिवा असतोय. कॅमेरा. आतलं समदं दिसतंय त्याला.”

“आन् तलवारीचं भ्या न्हाई?”

“तिचं कसलं भ्या? तिला काय दिसतंय!”

बोलून गेला... आन् तोंड तसंच उघडं ऱ्हायलं.

उस्तादानं कोपऱ्यातली तलवार पेटीत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली म्हाळप्पाच्या मुठीत दाबली.

“गोळ्या सरल्या की उघड. आजपतुर आंधळीला वाट दिलीस, लेका... उद्या त्या डोळस नळीला दे.”