भागवतनं केलेलं लग्नाचं पान

एका गावात एक भोळा प्रोग्रॅमर होता. त्याचं नाव भागवत लोंढे. भागवतला जे सांगावं ते तो करायचा. तेवढंच करायचा आणि अगदी तसंच करायचा. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणायचे. ज्यांना मिळाला नव्हता ते लोक म्हणायचे.

गाव तालुक्याचं. तिथं खताच्या दुकानाच्या माडीवर भागवतच्या आत्याचं ऑफिस होतं. आत्याचं नाव उज्ज्वला फडतरे. लोकांना वेबसाइट बनवून द्यायचा तिचा धंदा. भागवत जावाचा कोर्स करून घरी बसला होता, म्हणून भावाच्या शब्दाखातर तिनं त्याला ठेवून घेतलं.

नोकरी लागली आणि भागवतचं लग्न ठरलं. मुलगी वृंदा, शेजारच्या गावची. ती भागवतला इतकी आवडली, की पोहे संपल्यावरही तो रिकाम्या बशीत चमचा फिरवत बसला. वृंदालाही तो बरा वाटला. तिच्या मामांनी, रंगनाथमामांनी, मात्र एक अट घातली.

"भागवतराव, लग्नाच्या दिवसापर्यंत नोकरी टिकली पाहिजे. मधेच आत्यानं घरी बसवलं, तर आमची मुलगी आमच्या घरी."

"आत्या कशाला घरी बसवेल?" भागवत म्हणाला. "ती सांगते तसंच तर मी करतो."

मामांना ते ऐकून बरं वाटलं. त्यांनी आत्याला विचारायला हवं होतं.

पहिलं काम आलं ते बापूसाहेब निकमांच्या मंगल कार्यालयाचं. जो कुणी कार्यालय घेईल, त्याची पत्रिका वेबसाइटवर दिसली पाहिजे, अशी बापूसाहेबांची हौस. आत्या म्हणाली, "भागवता, लग्नाचं एक पान बनव. पहिलं लग्न अभिजित आणि रेवतीचं आहे."

भागवतनं पान बनवलं. वर गणपती, कडेला आंब्याची पानं, मधोमध ठसठशीत अक्षरांत चि. अभिजित आणि चि. सौ. कां. रेवती. पान सुरेख झालं. लग्नसराई सुरू झाली आणि बापूसाहेबांचा फोन आला.

"ओ मॅडम, माझ्या कार्यालयात एकच पोरगी सारखी लगीन करतीया! काल जाधवांच्यात रेवती, आज मोऱ्यांच्यात रेवती. अभिजितचा बाप काठी घेऊन दारात हुबा हाय!"

आत्यानं भागवतला समोर बसवलं. "अरे भागवता, पानात नाव कायमचं लिहून ठेवायचं नसतं. पान म्हणजे साचा. नावाची जागा मोकळी सोडायची. कुणी पान उघडलं, की मागच्या खोलीतला आपला सर्व्हर त्या जागी त्या घरचं नाव भरतो."

"बरं आत्या. लक्षात ठेवतो."

त्यानं ते लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्यात भागवत कधीच कमी पडला नाही.

पुढच्या आठवड्यात बापूसाहेबांचा वाढदिवस आला. गिऱ्हाईक दुखावलं होतं, म्हणून आत्या म्हणाली, "चौकात त्यांच्या नावाचा मोठा फ्लेक्स लाव." भागवतनं चांगला दुमजली फ्लेक्स लावला. त्यावर लिहिलं होतं, 'मा. श्री.', मग हातभर मोकळी जागा, मग 'यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. फोटोचीही जागा मोकळी होती.

बापूसाहेब सकाळी जीपमधून चौकात आले, तेव्हा ती जागा मोकळी राहिली नव्हती. त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवणाऱ्या शिंगट्यांनी शिडी लावून तिथं स्वतःचं नाव रंगवलं होतं. फोटोही चिकटवला होता. खाली लोक शिंगट्यांना हार घालत होते आणि शिंगटे पेढे वाटत होते. वाढदिवस नसताना माणूस इतका खूश झालेला गावानं पहिल्यांदाच पाहिला.

"नाव का नाही टाकलंस?" आत्यानं कपाळाला हात लावला.

"सर्व्हर भरेल म्हटलं."

"चौकात कुठला आलाय सर्व्हर! अरे, लोकांपुढे जे लावायचं ते पुरं भरलेलं पाहिजे. वरची ओळ, खालची ओळ, कुठंही मोकळं दिसता कामा नये."

"बरं आत्या. लक्षात ठेवतो."

मधेच आणखी एक प्रकार झाला, तो लहानसा आहे. भागवत पानाचा रंग बदलायचा आणि रंग काही बदललेला दिसायचा नाही. आत्या म्हणाली, "बदल केला की एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं. मग दिसतो." दुसऱ्या दिवशी आत्यानं आपलं टेबल भिंतीजवळून खिडकीपाशी नेलं. भागवतनं खाली जाऊन इमारतीचा मेन स्विच पाडला आणि पुन्हा वर केला. मग तो माडीवर आला. "हां, आता दिसतंय बघ टेबल खिडकीपाशी," तो म्हणाला. आत्याचं सकाळपासूनचं काम उडालं होतं. खतवाल्याचं बिलाचं मशीनही बंद पडलं होतं.

मग गावातले गणपतराव वारले. तेराव्याचं जेवण बापूसाहेबांच्याच कार्यालयात ठेवलं होतं. बापूसाहेबांनी निरोप पाठवला, त्याचंही पान करा. भागवतनं पान करायला घेतलं. मधल्या जागेत सर्व्हरनं कै. गणपतराव असं नाव बरोबर भरलं. पण वरची पट्टी मोकळी होती, खालची पट्टी मोकळी होती. मोकळं दिसता कामा नये, हे भागवतच्या लक्षात होतं. लग्नाच्या पानाच्या पट्ट्या तयारच होत्या. त्यानं त्या लावल्या.

पान असं झालं. वर लिहिलं होतं, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. मधे कै. गणपतराव. आणि खाली, दोन्ही बाजूंना फुलपाखरं काढून, 'आमच्या काकाच्या कार्याला नक्की यायचं हं! – चिंगी, पिंट्या आणि सोनू.'

गणपतरावांचा थोरला मुलगा जिना चढून वर आला. डोकं भादरलेलं, डोळे लाल. तो ओरडला नाही. "मॅडम, आमच्यात सोनू कुणी नाही," एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसून रडायला लागला.

आत्यानं त्याच्या हातापाया पडून त्याला खाली पोचवलं. मग वर येऊन भागवतला दाराकडे बोट दाखवलं. भागवत उठला. त्यानं डबा घेतला, चप्पल घातली. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"आत्या, मामांना तू कळवशील का? मला वृंदाला सांगवणार नाही."

आत्याचं बोट खाली आलं. लग्न चार दिवसांवर होतं. तिला भागवतची दया आली. तिचा त्याच्यावर जीवही होता, नाहीतर एवढं कुणी सोसलं नसतं.

"बस खाली," ती म्हणाली. "आणि हे शेवटचं ऐक. काहीही करताना पहिल्याच खेपेला खरी माणसं घ्यायची नाहीत. आधी खोटं नाव घालून सगळं चालवून बघायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. अडलं नाही, बिघडलं नाही, सगळं सुरळीत पार पडलं, की मगच खरी माणसं आणायची. आता लग्न होईपर्यंत तू कशालाही हात लावू नकोस."

"बरं आत्या. लक्षात ठेवतो."

चार दिवस भागवतनं कशालाही हात लावला नाही. त्यामुळे काही बिघडलं नाही. लग्नाचा दिवस उजाडला, तेव्हा भागवत नोकरीत होता. मामांची अट पुरी झाली होती.

लग्न दृष्ट लागण्यासारखं झालं. अंतरपाट वेळेवर धरला, वेळेवर दूर झाला. मंगलाष्टकं सुरात झाली. सप्तपदीत कुणी अडखळलं नाही. भागवत सगळ्याकडे बारकाईनं बघत होता आणि मधूनमधून मान हलवत होता. जावई किती मन लावून करतोय, असं मामांना वाटलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पोराचं लग्न कुणी मोडू शकत नव्हतं. भागवत सोडून.

जेवायला पान मांडलं. चांदीच्या ताटाभोवती रांगोळी, शेजारी वृंदा. दोन्हीकडच्या बायका भोवती जमल्या. "घास भरवा! नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय घास नाही!"

भागवतनं जिलेबी उचलली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"जिलेबीचं ताट, वाटीत गार मठ्ठा,
कुसुमचं नाव घेतो, करू नका थट्टा."

कुणी थट्टा केली नाही. वाढप्याच्या हातातला डाव तसाच राहिला. वृंदानं उघडलेलं तोंड मिटलं.

"जावईबापू," मामा हळू म्हणाले, "कुसुम कोण?"

"कुणीच नाही मामा. खोटी आहे."

"मग आमच्या वृंदाचं नाव का नाही घेतलं?"

"पहिल्याच खेपेला?" भागवतला मामांची कीव आली. "मामा, असं करायचं नसतं. काही बिघडलं असतं म्हणजे?"

वृंदा त्याच्याकडे वळली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि आवाजात कापरं. "अहो, मग आत्ता सकाळपासून हे काय झालं?"

"एकदम छान झालं," भागवत म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. त्यानं हातातली जिलेबी ताटात परत ठेवली, मुंडावळ्या सोडल्या आणि मांडवाकडे तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, कुठं अडलं नाही, काही बिघडलं नाही. मामा, आता खरी नवरी आणा."