मे महिन्यातला प्रोसेसर

"पण सर, जानेवारीत धावत होता की नाही? मग आता काऊन मरून राहिला?"

प्रफुल्ल गावंडे हे तिसऱ्यांदा विचारत होता. तायडे सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि परत लावला.

सर आयटीआयमधून रिटायर झालेले. अकोल्यात घराच्या पडवीत कॉम्प्युटर दुरुस्त करतात. आम्ही दोघंही त्यांचेच विद्यार्थी. मी माझा बिघडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन बसलो होतो. दुपारचे साडेबारा, बाहेर पंचेचाळीस डिग्री. कोणाशी बोलायचीही ताकद नव्हती.

प्रफुल्लने कॉम्प्युटर उघडाच आणला होता. झाकण काढलेलं, इथं येताच चालू केलेला, आणि टेबलफॅन थेट आत लावलेला.

"कंपनीनं चार गिगाहर्ट्झचा वेग दिला होता. मी पाच पूर्णांक दोनवर नेला. अख्ख्या अकोल्यात कोणाचा नाही!"

"बरं…"

"माझी ॲनिमेशनची फिल्म आज रात्री बारापर्यंत पाठवायची आहे, सर. पुण्याची नोकरी आहे. दोन वर्षं हिची वाट पाहिली. पण कॉम्प्युटर फिल्म तयार करत निम्म्यात आला की सगळं बंद पडतं, आणि परत पहिल्यापासून. तुम्ही फक्त मोठा पंखा बसवून द्या."

"सरळ चालला तर किती वेळ लागते?"

"सात तास."

"आणि कंपनीच्या वेगानं?"

"नऊ. बैलगाडी हो नुसती!"

"कधीपासून करून राहिला?"

प्रफुल्लने बोटं मोजली. "मंगळवारपासून."

त्या दिवशी शुक्रवार होता. मला हसू आलं, पण त्याचे डोळे पाहिले आणि ते घशातच राहिलं. लाल झालेले, खोल गेलेले. पोरगा मंगळवारपासून झोपला नव्हता.

"आता किती तापला?" सरांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"आकडा नाही विचारला. हात ठेव."

प्रोसेसरवर धातूचा जाड ठोकळा बसवलेला असतो. प्रफुल्लने त्यावर तळवा टेकवला आणि "आई गं!" म्हणत झटक्यात मागे घेतला.

"काऊन काढला हात?"

"काऊन म्हणजे? भाजलं ना सर!"

सरांनी ठोकळ्याकडे बोट दाखवलं.

"तापला की आपोआप हळू व्हायची सोय असते याच्यात," सर म्हणाले. "ती कुठं गेली?"

प्रफुल्लने मान खाली घातली. "मीच बंद केली. सारखी मधे यायची. वेग पडायचा."

"म्हणजे त्याचा हात तू धरून ठेवला."

सरांनी कीबोर्ड ओढला. त्यांची बोटं आताशा हळू चालतात. सगळं पूर्ववत केलं. वेग चार. ती सोय चालू. प्रफुल्ल पाहत राहिला. जानेवारीपासून ज्याच्या जोरावर मिरवला, ते चार मिनिटांत गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

फिल्म पुन्हा सुरू झाली. पडद्यावर आलं, आठ तास अठ्ठावन्न मिनिटं.

"साडेनऊला होते," सर म्हणाले. "बारा वाजायला लय टाइम हाय."

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले. टेबलफॅन उचलला, कॉम्प्युटरकडून फिरवला, आणि कोपऱ्यातल्या सतरंजीकडे तोंड करून ठेवला. तिच्यावर स्वतःची उशी टाकली.

"पड."

"सर, पंखा तिकडे? आणि हे तापलं तर? कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे ना… मी बसतो. मला काही झालेलं नाही."

त्याची मान बोलता बोलता पुढे कलत होती. उजवा हात मात्र माऊसवरच घट्ट होता.

सरांनी त्या हाताकडे पाहिलं.

"त्याले हात काढता येते आता."