अमावस्येला बंद असणारं दुकान

गारमाथ्याच्या पायथ्याला एक पेठ होती आणि त्या पेठेत भुजंगशेट नावाचा एक गादीवाला होता. तोंडाने गोड, हाताने सढळ. दुकानात पाय ठेवला की आधी चुरमुरे, मग पाणी, मग घरच्यांची चौकशी, आणि सगळ्यात शेवटी माल. अशा दुकानात गिऱ्हाइकाला वाटतं, आपण पाहुणे आलो आहोत. आणि पाहुणा माल उलटून बघत नाही.

या पेठेतून ओझेकऱ्यांचे जथे डोंगरापलीकडे जात. वाट इतकी अरुंद की बैल चालत नसे. मीठ, गूळ, कापड, सगळं माणसाच्या पाठीवर. मध्ये एक मुक्काम उघड्या पठारावर पडे. ज्याचा जन्म घरात झोपण्यात गेला त्याला वाटतं, थंडी वरून येते. आणखी एक घोंगडी पांघरली की भागलं. ओझेकऱ्याला ठाऊक असतं, ती खालून येते. रात्रभर खडक माणसाच्या अंगातली ऊब पीत असतो. म्हणून ते पेंढ्याची गुंडाळी सोबत नेत. ती म्हणजे ओझ्यावर ओझं, आणि दहिवराने भिजली की दुप्पट.

भुजंगशेटने हवेची गादी काढली. बकऱ्याच्या कातड्याची, शिवणींना मेण चोळलेली, कोपऱ्यात लाकडी तोटी. फुंकून फुगवायची, सकाळी हवा सोडून गुंडाळायची. गुंडाळली की काखेत मावे, फुगवली की वीतभर जाड होई. माल दिसायला झकास होता, त्यात खोट काढता येणार नाही.

दुकानाला एक दगडी ओटा होता. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फुगवलेली गादी कायम पसरलेली. तिच्याशिवाय ओट्यावर टेकायला जागाच नव्हती.

ओझेकऱ्यांच्या एका जथ्याची म्होरकी होती चिमाक्का. कार्तिकात ती गाद्या बघायला आली.

"बोलून काय उपयोग, अक्का?" भुजंगशेट म्हणाला. "जरा आडव्या व्हा. गादीच बोलेल."

चिमाक्का आडवी झाली. पाठीला अशी ऊब लागली की डोळे मिटायला लागले. ती उठली आणि जथ्याला म्हणाली, "घ्या रे. हिच्यावर बर्फातसुद्धा घाम येईल."

चिमाक्काचा शब्द म्हणजे त्या वाटेवर शेवटचा शब्द. तिच्या माणसांनी घेतल्या. ते पाहून भिवा म्हाताऱ्याच्या जथ्यानेही घेतल्या.

दुकानाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. अमावस्येला भुजंगशेट दुकान उघडत नसे. फळ्या लावायचा, गादीची हवा सोडायचा आणि वर माडीवर जाऊन बसायचा. लोक म्हणत, बघा, व्यापारी असून किती देवभोळा माणूस!

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सकाळी, चिमाक्काचा जथा परत आला. तिचा धाकटा भाऊ कान्हू झोळीत होता. दोन रात्रींपूर्वी पठारावर तो त्या गादीवर झोपला आणि उठला तेव्हा त्याला पाय जाणवत नव्हते. बाकीचे कुडकुडत रात्रभर उकिडवे बसून राहिले म्हणून वाचले. कान्हू तेवढा दमून गाढ झोपला. त्याच्या पायाची बोटं काळी पडली होती.

भावाला वैद्याच्या पडवीत ठेवून चिमाक्का तडक दुकानावर आली. काखेत तीच गादी. तिने फळ्यांवर अशी लाथ घातली की समोरच्या वाण्याचा तराजू हलला.

भुजंगशेट खाली आला. "अक्का, आज अमावस्या. आज मी व्यवहार करत नाही."

"व्यवहार तुझा झालाय. माझा राहिलाय. माझा भाऊ तुझ्या गादीवर गोठला."

"अरेरे! पालथी घातली असेल त्याने."

"दोन्ही बाजू सारख्या आहेत."

"मग फुंक कमी पडली."

"टणक फुगवली होती. टिचकी मारली तर वाजत होती."

"तेच! तेच चुकलं!" भुजंगशेटने कपाळावर हात मारून घेतला. "फार फुगवली की ऊब राहत नाही. सांगायचं राहून गेलं बघा. आणि अक्का, राग मानू नका, काही पोरांचं रक्तच थंड असतं."

चिमाक्काचे डोळे लाल झाले. हात उचलायचं तिच्या फार मनात होतं. पण दिवसरात्र झोळीला खांदा देऊन ती थकून गेली होती. काखेतली गादी तिने ओट्यावर टाकली, दोन-चार दमात फुगवली आणि मटकन तिच्यावर बसली. जरा दम घेऊ, मग भांडू, असं म्हणत.

बसली आणि दचकून खाली बघायला लागली.

खालून गारवा येत होता.

कार्तिकात ज्या ओट्यावर डोळे मिटायला लागले होते, तोच हा ओटा. गादी तशीच. बसणारी बाई तीच. मग ऊब कुठे गेली? तिने गादीखाली हात सरकवला. दगड थंडगार होता. तिने मान वळवली. ओट्याला लागून शिदोबा भडभुंज्याचं घर. त्याच्या भट्टीवर आज धूर नव्हता. शिदोबा दारात बसून पायाला तेल चोळत होता.

"शिदोबा, भट्टी का बंद?"

"अमावस्येला आम्ही भट्टी विझवतो, अक्का. राख काढतो. बापजाद्यांपासूनची रीत."

"आणि भट्टीची पाठ कुठे येते?"

शिदोबाने भुजंगशेटकडे पाहिलं. भुजंगशेटने आभाळाकडे पाहिलं.

"ओट्याला," शिदोबा पुटपुटला. "ओट्याच्या पोटातच येते म्हणा ना. रोज तापतो तो."

"तुला ठाऊक होतं?"

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं नाही! लोक गोठायला निघाले आणि तू विचारायची वाट बघत बसलास? त्याला रोज चुरमुरे विकताना बरी वाचा फुटत होती!"

शिदोबाने तेलाची वाटी उचलली आणि आत गेला.

एका घोडेवाल्याची गोष्ट सांगतात. तो घोडा नेहमी नदीच्या वाळूत चालवून दाखवायचा. मऊ वाळूत लंगडा घोडाही झोकात चालतो. तो कधी खोटं बोलला नाही. एवढंच की दगडी रस्त्यावर त्याने घोडा कधी आणला नाही. भुजंगशेटचंही तसंच. गादी गरम आहे असं तो कधी म्हणालाच नव्हता. म्हणाली होती ती चिमाक्का.

आरडाओरडा ऐकून लोक जमले. त्यात भिवा म्हातारा होता, आणि त्याच्या मागे त्याचा सगळा जथा. दुसऱ्या दिवशी पहाटे ते डोंगर चढणार होते. गाद्या ओझ्यांना बांधून तयार होत्या. पेंढ्याच्या गुंडाळ्या त्यांनी कधीच चुलीत घातल्या होत्या.

भुजंगशेट चिमाक्काच्या कानाशी वाकला. आवाजात साय.

"अक्का, जरा विचार करा. माझं दुकान बुडेल ते बुडेल. पण या सगळ्यांना गाद्या घ्या म्हणून सांगितलं कुणी? तुम्ही. आज तुम्ही तोंड उघडलंत तर उद्या तुमच्या शब्दावर कोण पाऊल टाकील? कान्हूचं औषधपाणी मी बघतो. तुमच्या जथ्याला हव्या त्या वस्तू माझ्याकडून. भिवाचं काय, तो जुना माणूस आहे, एक रात्र निभावून नेईल."

भिवा पुढे आला. "काय झालं गं चिमे? आम्ही तुझ्या शब्दावर घेतल्यात."

चिमाक्काने भिवामागच्या पोरांकडे पाहिलं. म्होरकेपण तिने बापाकडून फुकट घेतलं नव्हतं. पायाची कातडी सोलून मिळवलं होतं. एक शब्द बोलली नसती तर ते शाबूत राहिलं असतं. भिवाचा जथा गेला असता. कोण परत आलं असतं, कोण नसतं.

ती ओट्यावर उभी राहिली.

"माझ्या शब्दावर घेतल्यात ना? मग ऐका. माझा शब्द खोटा होता! मी या भट्टीवर बसून गादीला ऊबदार म्हणाले. माझ्या डोक्यात आलं नाही, की जिथे झोपायचं तो दगड निराळा आहे. कान्हूची बोटं गेली ती या माणसामुळे, आणि माझ्यामुळेही. उद्या कुणी डोंगर चढायचा नाही!"

"भावाच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलंय," भुजंगशेट लोकांकडे वळून हसला. "भट्टी काय, ओटा काय! माझी गादी कुठेही गरम लागते."

"कुठेही?"

"कुठेही!"

चिमाक्काने समोरच्या विहिरीवरून घागर भरून आणली आणि ओट्यावर ओतली. हवेत थंडीची धार होतीच. ओल्या दगडावर तिने गादी पसरली. "हे गारमाथ्याचं पठार. बसा, शेट. हसत बसा. हा भिवाबाबा पान जमवील, त्याचं पान खाऊन होईपर्यंत उठायचं नाही."

भुजंगशेट बसला. भिवाने चंची सोडली आणि मुद्दाम सावकाश, एकेक शीर काढत पान जमवलं.

"कशी आहे, शेट?" कुणीतरी विचारलं.

"झ-झकास."

भिवाने चुना लावला. भुजंगशेट एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर झाला. भिवाने कात टाकला. भुजंगशेटने खांद्यावरचं उपरणं ओढलं, हळूच दुमडलं आणि बुडाखाली सरकवलं.

आधी सगळे हसले. मग एकदम कुणीच हसेना. आपल्या गादीवर बसायला त्याला स्वतःला उपरणं लागत होतं, आणि त्या पोरांना त्याने उघड्या पठारावर पाठवलं होतं.

चिमाक्काने विळ्याने गादी टरकावली. आत काही नव्हतं. हवा, फक्त हवा. माणूस जरा हलला की मोकळी हवा ढवळते, आणि दगडाला लागून गार झालेली वर पाठीला भिडते. तिला धरून ठेवायला आत काहीतरी लागतं. त्याच दुपारी पिंजाऱ्याकडून पिंजलेली लोकर आणून तिने एक गादी भरली. ती चार बोटंच जाड झाली, बघायला अगदी दरिद्री. चिमाक्का स्वतः तिच्यावर बसली, त्याच ओल्या दगडावर. भिवाचं दुसरं पान खाऊन झालं तरी गार लागलं नाही. मगच ती म्हणाली, "आता घ्या. पण माझ्या शब्दावर नको. एकेकाने इथे बसून बघा."

कान्हू वाचला. बोटं वाचली नाहीत. त्या हिवाळ्यात दोघे-तिघे चिमाक्काचा जथा सोडून गेले. ती त्यांना अडवायला गेली नाही. भुजंगशेटने पुढे चार वेळा गुळाची ढेप पाठवली, चारही वेळा तिने ती रस्त्यावर भिरकावून दिली.

पेठेत तेव्हापासून एक रीत पडली. अंथरूण घ्यायचं तर अमावस्येलाच. एरवी भुजंगशेटच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. आणि अमावस्येला कितीही वाटलं तरी त्याला फळ्या लावता येत नाहीत, कारण उजाडायच्या आत कान्हू काठी टेकत ओट्यावर येऊन बसलेला असतो. तुटक्या बोटांचा पाय पुढे पसरून तो येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, "या, बसा. आज दगड खरं बोलतो."

तात्पर्य: अंथरूण जिथे झोपायचं तिथल्या दगडावर पारखावं, विकणाऱ्याने तापवलेल्या ओट्यावर नाही, आणि अशा ओट्यावर बसून आपण कुणाला शब्द दिला असेल, तर तो माणूस डोंगर चढायला लागण्याआधी, चारचौघांत, मोठ्याने परत घ्यावा.