दोन नागमोडी रेघांच्या मधे

फार फार वर्षांपूर्वी एका राजाच्या दरबारात भांडण ऐन भरात आलं होतं. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर जास्तच ऐका.

"चाळीस हात लिहिलं होतं की नाही?" नकाशे काढणारा ओरडला.

"मग चाळीस हातच तासली की!" सुतार म्हणाला. त्याचे हात बांधलेले होते. "तुझ्या कागदात होतं तसंच केलं. तरी मोडली!"

मोडली ती ओढ्यावरच्या नव्या साकवाची, म्हणजे लाकडी पुलाची, तुळई. सात माणसं ओढ्यात गेली. राजाला डोंगरातल्या जुन्या साकवासारखे बारा साकव हवे होते, म्हणून नकाशे काढणाऱ्याला तिकडे धाडलं होतं. त्याच्या कागदावरून हा पहिला झाला. उरलेल्या अकरा तुळया दुसऱ्या सुतारांनी त्याच कागदावरून तासून ठेवल्या होत्या. दोष कागदाचा नाही, या सुताराच्या हाताचा, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या चढवायच्या होत्या, आणि सुताराचे अंगठे तोडायचे होते.

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. जुन्या साकवाची तुळई तिच्या बापानं घडवलेली. आणि गेलेल्या सातांत तिची लेक होती.

"कागद दाव," ती म्हणाली.

कागदावर तुळईची दोन टोकं होती. मधे दोन नागमोडी रेघा.

"ह्या कसल्या रे?"

"आजी, लांब वस्तू कागदावर मावत नाही. मग मधला तुकडा गाळायचा, रेघा मारायच्या, खरी लांबी आकड्यात लिहायची. आमची रीत आहे ती. तुम्हाला नाही कळायची."

"न कळायला काय झालं? रेघा म्हणतात, मधे सगळं टोकांसारखंच. मग तू मधे गेला होतास?"

तो कागदाची गुंडाळी करू लागला.

"बोल की! जीभ पण मधेच तोडलीस का?"

"साकव हलत होता," तो पुटपुटला. "वळसा घालून पलीकडे गेलो. दोन्ही टोकं मोजली. लांबीला दोरी टाकली."

"माझ्या बापानं मधोमध दुप्पट जाडी ठेवली होती. खालच्या अंगाला, वेलींत झाकलेली. भार तिथं येतो, शहाण्या!"

राजानं सुताराचे हात सोडवले. अकरा तुळयांचं सरपण झालं. नकाशे काढणाऱ्यानं पुन्हा लेखणी धरली नाही. गेलेली माणसं मात्र गेलीच.

पण त्या दिवशी, दरबारात, तो एवढंच घोकत राहिला होता, "आकडा तर बरोबर होता... आकडा तर बरोबर होता..."

तेव्हा म्हातारी म्हणाली, "आकडा बरोबरच होता, बाबा, पण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते 'सारखंच असेल' म्हणून कधी गाळू नये, माझी लेक तुझ्या त्या दोन रेघांच्या मधेच पडली."