चित्ता आणि भंगारातल्या मोटारी

फार वर्षांपूर्वीची वैशाख शुद्ध दशमी. आभाळ निरभ्र होतं आणि वारा पूर्ण पडला होता. त्या दिवशी रानात भंगारातून जोडलेल्या मोटारींची दिवसभराची शर्यत होती. सूर्य मावळेपर्यंत ज्याच्या फेऱ्या जास्त, त्याला उन्हाळाभर पाणवठ्यावरच्या जांभळीची सावली मिळणार होती. मुंगसाची पिल्लं आठच दिवसांची होती. त्याला ती सावली हवीच होती.

कोल्ह्याच्या मोटारीत चालवायला चित्ता बसला, तेव्हा मुंगूस तडक पंचांकडे गेला. शहरातल्या मोठ्या शर्यती जिंकणं हाच चित्त्याचा धंदा होता.

"काका, हा इथं कसा चालतो?" त्यानं पंच कासवाला विचारलं.

"गाडी भंगारातली हवी, असा नियम आहे बाबा. चालवणारा भंगारातला हवा, असा नाही."

मुंगसानं पहिल्या फेरीपासून गाडी पिटाळली. दुपारी तो अकरा फेऱ्या पुढे होता. त्याचा जोडीदार साळिंदर कडेनं ओरडला, "अरे, धूर येतोय, जरा थांब."

"मागे चित्ता आहे, दादा. मुद्दाम खेळवतोय मला."

पुढच्याच वळणावर इंजिन बंद पडलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही.

शेजारी चित्ता गाडीत पाणी ओतायला थांबला. सकाळपासूनची ही त्याची पाचवी खेप. मुंगूस गाडीतून उतरून त्याच्याजवळ गेला.

"चित्तेराव, तुम्ही एवढं हळू चालवता?"

"ही गाडी एवढीच पळते," चित्ता म्हणाला. "कुठली गाडी किती पळेल, ते ओळखायला शिकण्यात बारा वर्षं गेली माझी."

सूर्य मावळला. चित्त्याच्या फेऱ्या एकशे चौदा झाल्या, मुंगसाच्या एकोणसत्तर. जांभळीची सावली कोल्ह्याला मिळाली.